रस्त्यावरचे हात

“रस्त्यावरचे हात मोजू नका,” सरपंच म्हणाले.

आवाज चढवून नाही. सहज. चहात साखर कमी घाला म्हणावं तसं.

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. मारुतीच्या मंडपात ग्रामसभा भरली होती. मंडपात सतरंजी, सतरंजीवर गाव. कठड्याच्या बाहेर, रस्त्यावर, आम्ही. बौद्धवाड्यातली सगळी मोठी माणसं आली होती, बायासुद्धा. फुफाटा तापलेला. ज्यांच्या पायात चपला नव्हत्या ते सारखे पाय बदलत होते. सभा सगळ्या गावाची आहे, सगळ्यांनी यावं, अशी दवंडी झाली होती. दवंडी देणारा कोतवाल आमच्याच वाड्यातला. तोही आमच्यासोबत रस्त्यावरच उभा होता.

सरकारनं गावाला एक विहीर मंजूर केली होती. पिण्याच्या पाण्याची, सार्वजनिक. ती कुठं खोदायची एवढंच ठरवायचं होतं. एक जागा खाली, आमच्या वाड्याला लागून, ओढ्याच्या काठी. दुसरी वर, सरपंचांच्या मळ्याच्या बांधाला. पाणाड्या दोन्हीकडे फिरला होता आणि दोन्हीकडे पाणी लागेल म्हणाला होता.

“वरची जागा ज्यांना पसंत हाय त्यांनी हात वर करा,” सरपंच म्हणाले. मंडपातले हात वर झाले. ग्रामसेवकानं मोजले. मग खालची जागा. मंडपात दोन-तीन हात अर्धे वर आले, सरपंचांनी मान वळवून पाहिलं तसे खाली गेले. रस्त्यावर मात्र आमचे सगळ्यांचे हात वर होते. म्हाताऱ्यांचे, बायांचे, कडेवर लेकरू असलेल्यांचा एक-एक. ग्रामसेवक गावात नवीन होता. तो उठून कठड्याजवळ आला आणि बोट फिरवत मोजायला लागला. तेव्हा सरपंच ते बोलले.

“पण साहेब, हेसुद्धा मतदारच आहेत,” ग्रामसेवक म्हणाला.

“सभा कुठं भरली?”

“मंडपात.”

“मंग मंडपातले मोजा. रस्त्यानं उद्या कोणी वाटसरू चालला, त्याचा बी हात मोजसाल का?”

मंडप हसला. माझा हात वरच होता. खाली घ्यायचं सुचलं नाही. पुढं बसलेल्या एकानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “हात खाली घे बाई, उनात दुखंल.” पुन्हा हसले. या खेपेला ग्रामसेवकही हसला.

मग सरपंच आमची समजूत घालायला लागले. “तुमचा मेंबर हाय ना इथं? तुमच्या वतीनंच बसलाय त्यो. त्याचा हात बराबर मोजलाय आमी.”

आमचा मेंबर म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचे. मंडपाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, गावाच्या चपला काढलेल्या असतात तिथं, त्यांना बसायची मुभा होती. त्यांचा हात मोजला होता हे खरं. आम्ही रस्त्यावरून तो वर जाताना पाहिला होता. वरच्या जागेसाठी गेला होता.

मंडपाला आमचा हात चालत नव्हता असं नाही. एक हात चालत होता. तो मंडपाचाच होता.

पाण्याचं सांगते, म्हणजे विहिरीसाठी आम्ही उन्हात का उभे होतो ते कळेल. गावच्या जुन्या विहिरीत आमचा पोहरा पडत नव्हता. घागर खाली ठेवायची आणि मागं सरून उभं राहायचं. एखाद्या बाईच्या मनात आलं तर ती वरून ओतणार. चांगली असली तर घागरीत, नसली तर घागरीच्या आसपास. माझं माहेर आष्टीकडचं. तिथं मी सातवीपर्यंत शाळेत गेले. तिथं पाण्याची तऱ्हा वेगळी होती असं नाही, पण तिथं मी लेक होते आणि पाणी आई आणायची. इथं भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या पलीकडच्या या गावात सून होऊन आले आणि घागर माझ्या डोक्यावर आली.

दुष्काळात तर विचारूच नका. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची, तिथं मिळणारी सुकडी खायची आणि संध्याकाळी त्या विहिरीपाशी जाऊन ताई-माई करत उभं राहायचं. पाणी खोल गेलेलं, ओतणाऱ्या बायाही थकलेल्या. त्या चिडायच्या, आम्ही ऐकून घ्यायचो. विहीर खालच्या जागी झाली असती तर मी माझ्या हातानं दोर सोडला असता आणि माझ्या हातानं ओढला असता. मला त्या सभेतून एवढंच पाहिजे होतं.

संध्याकाळी मामा घरी आले. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता. मामा रोज कामावरून आले की त्या फोटोसमोर टेकायचे. त्या दिवशी ते फोटोच्या खाली, भिंतीला पाठ लावून बसले. फोटोच्या नजरेला नजर द्यायची नव्हती त्यांना, हे मला कळलं. मी भाकरी वाढली. राग होता तरी वाढली. त्यांनी तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

“मामा, तुमी मेंबर कोणाचे?” मी विचारलं.

या माणसानं मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. सून शिकलेली आहे म्हणून चार माणसांत मान वर करून सांगायचा. मला जुना पेपर आणून द्यायचा आणि वाचून दाखवा म्हणायचा. त्याला मी असं विचारलं.

“म्या बेलभंडारा उचलेल हाय, बाई,” मामा म्हणाले.

आमच्या गावाला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. पंचायतीची निवडणूक इथं कधी झालीच नव्हती. दर वेळी बिनविरोध. अर्ज भरायच्या आधी गाव मंडपात बसायचं, नावं ठरायची आणि ठरलेल्या माणसानं मारुतीपुढं बेलभंडारा उचलायचा. बेलाची पानं आणि हळद ओंजळीत घेऊन शब्द द्यायचा, की गावाच्या शब्दाबाहेर जाणार नाही. मग दुसरा कोणी अर्ज भरत नसे. तालुक्याचे साहेब येऊन म्हणायचे, गाव असावं तर असं, भांडण नाही, तंटा नाही. भांडायला जे उभे राहिले असते ते रस्त्यावर होते, हे साहेबांना दिसायचं नाही.

कायद्यानं पंचायतीत एक जागा आमची होती. राखीव. पण त्या जागेवर आमच्यातलं कोण बसणार तेही मंडपातच ठरायचं. मामा सरपंचांचे सालगडी. पोरवयापासून त्याच गोठ्यात वाढलेले. गरीब, शब्दाला पक्के, उलटून न बोलणारे. म्हणून मामा. मेंबर झाल्यावरही सकाळी गोठा त्यांनीच झाडायचा. सरपंच ओसरीवरून ओरडायचे, “मेंबर, शेण उचला.” पाहुणेरावळे असले की जरा जोरानं ओरडायचे.

मामांच्या वेळी बेलभंडाऱ्याचं ताट खालच्या पायरीपर्यंत आणलं होतं. हाताला हात लागू नये म्हणून पानं आणि हळद वरूनच त्यांच्या ओंजळीत टाकली होती. हे मामांनी मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं.

“पण आपण तर देव सोडले ना?” मी म्हणाले. “दीक्षा घेतली तवा देव्हारा तुमीच पूर्णेत नेऊन सोडला म्हंता.”

“देव सोडले,” मामा म्हणाले. “पण बोललो तर मीच ना. जीभ तर माझीच व्हती.”

मला त्यांचा राग राहायला पाहिजे होता. राहिला नाही. रडू आलं आणि मी चुलीकडं तोंड केलं. ज्या देवानं त्यांना खालच्या पायरीच्या वर घेतलं नाही, त्याच देवाच्या नावानं त्यांना बांधून टाकलं होतं. आणि ते बांधले गेले, कारण माणूस खरा होता. लबाड असता तर हळद झटकून मोकळा झाला असता. सरपंचांनी माणूस पारखूनच घेतला होता.

विहीर वरच झाली. पाणी चांगलं लागलं. दुष्काळ सरला, पाऊस झाला, आणि त्या विहिरीवर सरपंचांचं इंजिन बसलं. सार्वजनिक विहिरीचं पाणी त्यांच्या मोसंबीला जायला लागलं. इंजिन बंद असलं की गावाला पाणी मिळायचं, आणि गावाचं भरून झालं की आम्हाला. आम्ही तिथंही घागर खाली ठेवून मागं सरायचो. फक्त आता चढ चढून जावं लागत होतं.

त्याच सुमारास तालुक्याहून एक समाजसेवक आले. खादीचे पांढरेस्वच्छ कपडे, आवाज गोड. मंडपात त्यांचं भाषण झालं. “प्रतिनिधी कशाला हवेत?” ते म्हणाले. “निवडणुका माणसं फोडतात. साऱ्या गावानं एकत्र बसावं आणि आपलं आपण ठरवावं. हीच खरी लोकशाही.” टाळ्या पडल्या. मी रस्त्यावरून विचारलं, “बसायचं कुठं, भाऊ?”

ते हसले. “कुठंही बसा ताई! झाडाखाली बसा, जमिनीवर बसा!” पुन्हा टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं मी त्यांच्या बोलण्याला भर घातली. मी उभी आहे हे त्यांना दिसत होतं. का उभी आहे हे त्यांनी मंडपात कोणाला विचारलं नाही.

त्या माणसाचं बोलणं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. मलाही ते आवडलं असतं. आपापलं आपण बोलावं, मध्ये कोणी दलाल नको. पण हात वर करायचा तो कोणाच्या डोळ्यांदेखत? ज्याच्या रानात उद्या निंदायला जायचं त्याच्या. ज्याच्या विहिरीपाशी तोंड वेंगाडायचं त्याच्या. अशा वेळी हात वर करणं म्हणजे मत देणं नव्हे, पोटावर पाय देऊन घेणं आहे. बरं, आपल्या वतीनं एक माणूस पाठवावा म्हटलं तर तो माणूस त्यांनी आधीच निवडून, हळदीनं माखून ठेवलेला. सगळ्यांनी मिळून ठरवा म्हटलं तरी आम्ही बाहेर. आपला माणूस पाठवा म्हटलं तरी आम्ही बाहेर. खडी फोडताना, निंदताना, घागर घेऊन उभं असताना मी हाच विचार करायचे आणि मला कुठून दार दिसत नव्हतं.

आणीबाणी सैल झाली आणि दिल्लीच्या निवडणुका लागल्या. मतदान शाळेत होतं. टेबलाशी परगावचे मास्तर बसलेले. त्यांनी माझं नाव वाचलं, माझं बोट धरलं आणि शाई लावली. बोट धरायच्या आधी त्यांनी मला कोण, कुठली, काही विचारलं नाही. या गावात सून होऊन आल्यापासून वाड्याबाहेरच्या माणसाचा हात मला पहिल्यांदा लागला. मी बोटाकडं बघत राहिले तर ते म्हणाले, “धुतल्यानं निघत नाही बरं का.” त्यांना वाटलं मला डागाची काळजी आहे.

मग मी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले. तिथं कोणी नव्हतं. सरपंच नव्हते, मंडप नव्हता, मामाही नव्हते. हातात शिक्का आणि समोर कागद. मी शिक्का मारला, घडी घातली आणि तशीच उभी राहिले. बाहेरून कोणी म्हणालं, “जल्दी करा बाई.” मला तिथून निघू वाटत नव्हतं.

पुढं रेडिओवर कळलं की दिल्लीचं सरकार पडलं. लोकांनी पाडलं, असं मंडपात बोलायला लागले. त्या लोकांत मीही होते. दिल्लीला माझं मत पोचलं आणि शंभर पावलांवरच्या मंडपात माझा हात पोचत नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की माझी जागा मंडपात नाही. मला त्या पायऱ्या चढायच्याच नव्हत्या. तो देव आम्ही सोडलेला होता, त्याच्या दारात मी कशाला हट्ट धरू? मला सभेत जायचं होतं, आणि सभा त्यांनी देवळात नेऊन ठेवली होती. मतांची पेटी मात्र शाळेत होती.

मग पंचायतीची निवडणूक आली. सरपंच स्वतः आमच्या वाड्याच्या तोंडाशी, लिंबाखाली आले. आत आले नाहीत.

“मेंबर आता थकले,” ते म्हणाले. “सूनबाईचं नाव घालू. शिकेल हाय, चुणचुणीत हाय. तुमची जागा बी भरली आन् बाईमाणूस बी आलं. सांजच्याला मंडपाकडं या, बेलभंडाऱ्याचं तेवढं उरकून घेऊ.”

वाड्यातली माणसं खूश झाली. आपली सून मेंबर होणार. मामा मात्र माझ्याकडं बघत नव्हते.

संध्याकाळी आम्ही गेलो. मंडप भरलेला. पुजाऱ्यानं ताट खालच्या पायरीवर आणून ठेवलं. “ओंजळ कर,” सरपंच म्हणाले. मी हात पदराखाली घेतले.

“मी बेलभंडारा उचलणार न्हाई,” मी म्हणाले. “हा देव माझा न्हाई. आन् शब्द द्यायचाच तर ज्यांच्या जागेवर बसायचं त्यांना देईन. तुमाला न्हाई. पेटी ठेवा.”

सरपंचांनी पान दाढेला सारलं.

“पेटी ठेवली तर पडशील,” ते म्हणाले. “वॉर्डात मतं कोणाची जास्त हायत, मोजलं का?”

“मोजलं,” मी म्हणाले. “मंग मोजून पाडा मला. न मोजता न्हाई.”

मग एकच गलका झाला. गावाची अब्रू घालवून राह्यली, कोणी म्हणालं. कोणी म्हणालं, हे शिकवण्याचं फळ. सरपंच माझ्या डोक्यावरून मागं बघत म्हणाले, “मेंबर, सुनेला आवरा.” मामा माझ्या मागं उभे होते. एरवी सरपंचांचं वाक्य संपायच्या आत त्यांचं ‘जी’ यायचं. त्या दिवशी आलं नाही. मी मागं वळून पाहिलं नाही, पण ते आलं नाही हे सगळ्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मामा गोठ्यावर गेले तर त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. साल मोडलं. घरी येऊन ते म्हणाले, “तांबडी गाय आज-उद्या विणार हाय, तिच्यापाशी कोण ऱ्हाईन?” एवढंच म्हणाले. ती गाय त्यांची नव्हती, गोठा त्यांचा नव्हता, पण सगळं आयुष्य तिथं गेलेलं. मला फार वाईट वाटलं. माझ्यामुळं झालं होतं ते.

वाड्यातल्या बायांना निंदायला बोलावणं बंद झालं. त्या माझ्याशी बोलेनात. एक म्हणाली, “तुझी मेंबरकी तुला, आमच्या चुली कायला इझवल्या?” तिचं काय चुकलं? माझा नवरा जालन्याला सरकीच्या गिरणीत हमाल होता. तो सुट्टी काढून आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू बराबर बोलली. पण खायचं काय?” तो जाताना मामांच्या पाया पडला.

मी अर्ज भरला, तसं माझ्या विरोधात सरपंचांनी किसनला उभं केलं. आमच्याच वाड्यातला, शेजारचा, मला वहिनी म्हणणारा. त्यानं बेलभंडारा उचलला. रात्रीतून त्याच्या दारात ज्वारीचं पोतं येऊन पडलं असं लोक म्हणायचे, मी पाहिलं नाही. तो मला पाणंदीत भेटला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “वैनी, माझी लेकरं ल्हान हायत.” मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. तोंडातून निघाल्या नाहीत. मामांनाही असंच कधीतरी कोणासमोर मान घालावी लागली असेल, असं मनात आलं.

मी घरोघरी गेले. वाड्यातच, बाहेर मला कोण उभं करणार? बायांना जमिनीवर रेघा ओढून दाखवायचे, शिक्का कुठं मारायचा, घडी कशी घालायची. आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, “आत तुमी एकट्याच असता. कोणाला दिसत न्हाई. कोणी विचारलं तर सांगू नका. मला बी सांगू नका.”

मतदानाच्या दिवशी मामांनी धुतलेलं धोतर नेसलं. रांगेत उभे राहिले. शाळेच्या फाटकाबाहेर सरपंच खुर्ची टाकून बसले होते. “मेंबर, शब्द ध्यानात हाय ना?” त्यांनी विचारलं. मामांनी हात जोडले आणि आत गेले. याआधी दिल्ली-मुंबईच्या प्रत्येक मतदानाला मालकानं चिन्ह सांगून धाडायचं आणि मामांनी तिथंच शिक्का मारून यायचं. या वेळी एका बाजूला मालकाला दिलेला शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला मी होते.

त्यांना फार वेळ लागला. मागचे लोक कुरकुर करायला लागले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. भिंतीच्या सावलीला बसले. मी तांब्या नेऊन दिला. पाणी प्यायले आणि म्हणाले, “आत कोणीच नव्हतं, बाई.”

मी विचारलं नाही. विचारायचं नसतं, हे मीच सगळ्यांना शिकवत फिरले होते.

मी पडले. चांगली पडले. मतं मोजली, मोठ्यानं वाचून दाखवली. सगळ्या वाड्यानंही मला मत दिलं नव्हतं. जेवढी माणसं मला येऊन म्हणाली होती की तुलाच देऊ, तेवढीसुद्धा निघाली नाहीत. आडोशाला कोणी नसतं हे मी सांगितलं होतं, पण भीती माणसासोबत आत जाते, तिला दारात कोणी अडवत नाही. हे मला त्या दिवशी कळलं आणि हरल्यापेक्षा ते जास्त लागलं. किसनवर लांबून गुलाल फेकला. मिरवणूक मुद्दाम आमच्या दारावरून गेली. मामा उठून आत गेले.

पुढच्या सभेला खालच्या पायरीवर किसन बसला होता. सरपंच त्याला मेंबर म्हणत होते.

मामा त्या हिवाळ्यात गेले. दुखणं असं काही नव्हतं. सकाळी उठायचे, गोठ्याच्या वेळेला जागे व्हायचे आणि जायला जागा नाही म्हणून अंथरुणातच बसून राहायचे. हळूहळू खाणं सुटलं. त्यांनी मत कोणाला दिलं ते मला माहीत नाही. कधी वाटतं मला दिलं, आणि शब्द मोडल्याच्या दुःखानं माणूस खचला. कधी वाटतं शब्द पाळला, आणि मला मत दिलं नाही म्हणून खचला. काहीही झालेलं असो, मामांना गोठ्यातून सरपंचांनी काढलं आणि सुखानं मरू मी दिलं नाही. हे मी स्वतःला सांगत असते. माझी सुटका नाही त्यातून.

लोक म्हणतात, काय मिळालं तुला? सासरा गेला, निंदणीची कामं गेली, विहीर अजून वरच आहे. खरं आहे. मला काही मिळालं नाही. खालच्या जागेवर गवत आहे आणि पाण्याला मी अजून चढ चढते.

पण मी हिशेब दुसरा करते. आमच्या गावाची ती मोठी एकी होती ना, भांडण नाही, तंटा नाही, ती मोडली. ती आमच्या गप्प बसण्यावर उभी होती आणि मी गप्प बसले नाही. आता पुढची निवडणूक येईल. पुन्हा ताट पायरीपर्यंत येईल, पुन्हा आमच्यातलाच कोणी गरीब शोधतील, त्याच्या लेकरांची आठवण त्याला करून देतील. तेव्हाही आमच्या जागेसाठी माझा अर्ज असेल. बहुतेक मी पुन्हा पडेन. वॉर्डातली मतं माझ्यासाठी बदलणार नाहीत, एवढं मला समजतं. तरी त्यांना पेटी आणावी लागेल, शाळा उघडावी लागेल, परगावचे मास्तर बसवावे लागतील. वॉर्डातल्या प्रत्येकाला, सरपंचांच्या सालगड्यालासुद्धा, एकट्यानं आत जाऊन स्वतःचं स्वतः ठरवावं लागेल. एखाद दिवशी कोणी ठरवेल.

अर्ज मागं घ्यायच्या दिवशी माझ्याकडं माणसं येतील. हात जोडतील, नाहीतर धमकी देतील. नवऱ्याला जालन्याहून बोलावून आणतील. मी त्यांना पाणी देईन, बसायला देईन. अर्ज मागं घेणार नाही.